पापडांची राखण

गुप्त पोलिसात असताना भवानी पेठेतल्या एका कामगार पुढाऱ्यावर पाळत ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साध्या कपड्यांत त्याच्या घरासमोरच्या ओट्यावर बसायचं आणि कुणी विचारलं तर 'सुताचा दलाल आहे, गिऱ्हाईकाची वाट बघतोय' म्हणायचं, असा साहेबांचा हुकूम. डोंबलाचं गिऱ्हाईक! सोलापूरच्या उन्हात दिवसभर एकाच ओट्यावर भाजत बसणारा दलाल साहेबांनी तरी कुठं पाहिला होता? अख्खी पेठ मला ओळखून होती.

एके दिवशी पुढारी घरातच होता. त्याच्या बायकोने दारात पापड वाळत घातले आणि मला म्हणाली, "अण्णा, तुमी हितं बसणारच हायसा, तर शेळ्यांकडं जरा बघा की."

नाही कसं म्हणणार? थोड्या वेळात एक शेळी घुसलीच. तिला हाकलत मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. परत येऊन बघतो तर दार सताड उघडं आणि पुढारी पसार!

"मालक कुठं गेले?" मी दरडावून विचारलं.

ती शांतपणे पापड उलटत म्हणाली, "त्ये आता लवकर येत न्हाईत. तुमी मातर उद्या सकाळीच या. कुरडया घालायच्या हायत."