एक झाकण, बास

तिला सगळे खटपटी मावशी म्हणायचे, आणि ते नाव तिने स्वतःच्या हातांनी कमावलं होतं. तिच्या घरात एखादी वस्तू सुखाने पडून राहील तर शपथ! चादर फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसणं विटलं की त्याच्या चिंध्या उशीत, उशी बसली की तिचे तुकडे खुर्चीच्या पायांना बूट म्हणून. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "मी दोन मिनिटं डोळे मिटून बसलो तर तू मलाही कव्हर शिवशील." ती म्हणायची, "माप घेऊन ठेवलंय, काळजी नको."

बावीस वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावल्या. फक्त कॉलर. अख्खा शर्ट तिथे तिच्या हातून एकदाही झाला नाही. कारखाना बंद पडला त्या दिवशी बाकीच्या बायका फाटकाशी रडत उभ्या राहिल्या. ही तडक घरी आली, खिडकीचा जुना पडदा काढला आणि त्यातून कॉलरपासून खालच्या दुमडीपर्यंत एक पुरा शर्ट शिवला. त्यावर बशीएवढाली फुलं होती. बिचारा नवरा तो घालून डेपोत गेला, दिवसभर चेष्टा ऐकली आणि घरी येऊन म्हणाला की सगळ्यांना आवडला.

मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची, ती भाचीच काय ती घरात येऊनजाऊन असायची. तिनेच टुमणं लावलं, "मावशी, तुझ्या डोक्यातलं हे सगळं लिहून ठेवू या." आणि कॉम्प्युटरवर ब्लॉग काढून दिला. त्याचं नाव 'मावशीची खटपट'. सुरुवातीला मावशी बोलायची आणि भाची टाइप करायची. पुढे मावशी एका बोटाने स्वतःच टाइप करायला शिकली. पाच वर्षांत तीनशेवर लेख झाले. रिकाम्या बरण्यांचे दिवे, बटणांची दारावरची पाटी, गळका नळ, घरच्या घरी केस कसे कापावेत, कोरड्या केसांना काय लावावं. भाचीचे केस दाट होते, त्यामुळे केसांच्या प्रत्येक लेखात फोटो तिच्या पाठीचा.

मावशी जशी बोलायची तशी लिहायची. 'जरासं', 'हाताला चिकटेनासं होईपर्यंत', 'तुमचा तुम्हाला अंदाज येईल'. आणि सगळ्यात जास्त 'एक झाकण'. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं एक निळं झाकण तिच्याकडे कधीपासून होतं. ती डिंक त्यानेच मोजायची, रंगही त्यानेच, पॉलिशही त्यानेच. नवरा चिडायचा. "अगं, आकडा लिही की! डेपोत आम्ही ऑइल असं अंदाजपंचे ओतलं तर इंजिन बसेल."

"माझे वाचक म्हणजे तुमची इंजिनं नाहीत," ती म्हणायची.

आणि खरं सांगायचं तर पाच वर्षं काही बिघडलंही नाही. डिंक जास्त पडला तर वाळायला उशीर होतो, रंग जास्त पडला तर फिका करता येतो. कोणाचं काय जातंय? 'एक झाकण, बास' हे तर वाचकांच्या तोंडी बसलं होतं.

मग तिने सोनेरी बटांचा लेख लिहिला. केमिस्टकडे केस उजळ करायचं एक द्रावण मिळतं, ते केसांना लावायच्या लेपात कालवायचं. किती? एक झाकण, बास. फोटोत भाचीच्या पाठीवर दोन सोनेरी बटा झळकत होत्या. लेख असा चालला की विचारू नका. खाली शंभरावर लोकांनी लिहिलं आणि मावशीने एकूण एकाला उत्तर दिलं. कोणाला ताटकळत ठेवायचं नाही, हा तिचा बाणा. एका दुपारी 'लांबवेणी' नावाच्या कोणा मुलीने विचारलं, "मावशी, झाकण कोणतं? मोठं की छोटं?"

मावशी त्या दिवशी भलत्याच खुशीत होती. तिने एका बोटाने ठोकून दिलं, "अगं वेडाबाई, झाकण ते झाकण! इतका विचार केलास तर आधी केस पांढरे होतील." त्यावर पंधरावीस जण हसले. मावशीने ते नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही हसला.

महिन्याभराने तिला एक पत्र आलं, ईमेलवर. एका बेकरीत पॅकिंग करणाऱ्या बाईचं होतं. ती बाई पाच वर्षं ब्लॉग वाचत होती. तिने लिहिलं होतं, "मावशी, माझ्या लेकीने तुमच्या लेपात काहीतरी चुकवलं. ती लांबवेणी नावाने तुमच्याकडे लिहिते. डोक्याची कातडी भाजून मोठी जखम झाली आहे. दवाखान्यात सांगितलं, उजव्या बाजूला आता केस येणार नाहीत. पण डॉक्टरांचं एक असतं आणि तुमचं एक असतं. केस परत येण्यासाठी घरच्या घरी काही करता येईल का? तुम्ही सांगाल ते करीन." खाली पत्ता दिला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाचा.

मावशीने ते उभ्याने वाचलं. मग ती बसली. थोड्या वेळाने तिने तो लेख उघडला आणि खाली खाली जात तो प्रश्न शोधून काढला. प्रश्न तिथेच होता आणि त्याखाली तिचं उत्तर होतं.

नवऱ्याने औषधांच्या डब्यातून सुई नसलेली सिरिंज आणली आणि निळ्या झाकणात पाणी सोडून मोजलं. पाच मिलिलिटर. मावशी म्हणाली, "मोठं म्हणजे तिने कोणतं घेतलं असेल हो?" त्याने मोरीतून कपडे धुण्याच्या लिक्विडचं झाकण आणलं आणि तेही मोजलं. त्यात पन्नास मावलं. दोन्ही झाकणं त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

संध्याकाळी भाची आली. तिने पत्र वाचलं, आणि मावशी काही बोलायच्या आत कॉम्प्युटरपुढे बसली. तिने तो प्रश्न पुसला, उत्तर पुसलं आणि लेखात 'एक लहान झाकण, पाच मिलिलिटर' असं घातलं. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"हे बघ मावशी, ती बाई स्वतःच म्हणते ना की मुलीने चुकवलं? मग तू कशाला आपणहून गळ्यात घेतेस? उद्या प्रकरण वाढलं तर?"

मावशीने 'नको' म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. मनात कुठेतरी तिला हायसंही वाटलं. त्याची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

पुढचे तीन दिवस तिने कशाला हात लावला नाही. पत्राला उत्तर द्यायला बसायची आणि 'ताई' एवढं लिहून उठायची. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "जाऊन ये. लिहून होणारं नाही ते." रविवार होता. तिने निळं झाकण पर्समध्ये टाकलं आणि दोन बस बदलून ती गेली.

तिसऱ्या मजल्यावर दारावर बटणांची पाटी होती. मावशीने ती ओळखली. हिरव्या बटणांनी वेलांटी कशी काढायची हे तिनेच लिहिलं होतं. तिने बेल वाजवली.

दार उघडणारी बाई लहानखुरी होती, अंगावर बेकरीचा ॲप्रन तसाच. नाव सांगताच तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मावशी? खरंच तुम्ही? माझ्या घरी?" हाताला धरून तिने आत नेलं आणि बसायच्या आधी सगळं घर दाखवलं. बरण्यांचे दिवे, फडताळाला चिकटवलेला जुन्या पुस्तकांचा कागद, पडद्यांचे बंद, टाकून दिलेल्या खोक्यांचं चपलांचं कपाट. "हे तुमचं. हेही तुमचंच. एकटीने घर लावलं मी, मावशी. तुम्ही नसतात तर या खोलीत नुसत्या भिंती असत्या." मावशी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली आणि मान हलवत राहिली.

मग आतून मुलगी आली. चौदा वर्षांची असेल. कपाळापासून कानांपर्यंत तिने रुंद पट्टा बांधला होता, जुन्या टी-शर्टच्या तीन पट्ट्या विणून केलेला. तोही मावशीच्या लेखातला, 'वीस मिनिटांत होणारा'. डावीकडे खांद्यापर्यंत केस होते. उजवीकडे पट्ट्याखालून जाळीची पट्टी डोकावत होती आणि त्या पट्टीच्या मागे एकही केस नव्हता.

"बघा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज लगेच चढला. "कमरेपर्यंत होते. इतकं सोपं करून लिहिता तुम्ही, चक्क पाच मिलिलिटर म्हणून लिहिलंय, आणि हिने घेतलं कशाचं? कपडे धुण्याच्या लिक्विडचं झाकण! डोकं गहाण ठेवलं होतं का? आणि वर खोटं बोलते! म्हणे, मी मावशींना विचारलं होतं कोणतं झाकण ते. परवा मी मुद्दाम उघडून बघितलं. तिथे काही नाही. सगळ्यांचे प्रश्न आहेत, सगळ्यांना उत्तरं आहेत, हिचंच तेवढं नाही! खरंच विचारलं असतंस तर मावशींनी सांगितलं नसतं होय गं?"

मुलीने मान वर केली आणि मावशीकडे बघितलं. आता कोणी विश्वास ठेवील असं तिला वाटत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. रागावली असती तर मावशीला सोपं गेलं असतं.

"तिने विचारलं होतं," मावशी म्हणाली.

"काय?"

"विचारलं होतं तिने मला. मोठं की छोटं. मी थट्टा केली तिची. झाकण ते झाकण, म्हटलं." मावशीने पर्सची चेन उघडली. "तुमचं पत्र आल्यावर ते पुसलं आम्ही. पाच मिलिलिटर हे मागाहून घातलंय. ताई, तुमची लेक खोटं बोलत नाही. खोटं माझं आहे." आणि तिने पर्समधून निळं झाकण काढून टेबलावर ठेवलं.

बाई त्या झाकणाकडे बघत राहिली. ओरडेल, अंगावर येईल, असं मावशीला वाटलं. तसं काही झालं नाही.

"दवाखान्यात हिच्या तोंडात मारली मी," बाई म्हणाली. "डोक्याला पट्टी होती तेव्हा. तीन आठवडे रोज बोलतेय हिला. उठताबसता."

मग ती उठली. बेकरीची मोठी कागदी पिशवी घेऊन तिने पडद्यांचे बंद सोडले, दिवे काढले, भिंतीवरची कागदाच्या घड्यांची फुलं काढली. स्टूल घेऊन दाराशी गेली आणि बटणांची पाटी स्क्रूसकट उपटली. पिशवी भरल्यावर ती मावशीच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा," ती म्हणाली.

आणि मग वळून तिने लेकीच्या पट्ट्याला हात घातला. मुलीने दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं.

"आई, हा नको! हा राहू दे. दुसरं काही नाहीये माझ्याकडे."

बाईचा हात तसाच राहिला आणि मग ती तिथेच, लेकीच्या पायांशी, खाली बसून रडायला लागली. मुलगी एका हाताने पट्टा धरून दुसऱ्या हाताने आईची पाठ थोपटत होती. मावशीने "माफ कर गं बाळा" म्हटलं. मुलगी म्हणाली, "तुम्ही मला उत्तर दिलंत ना, ते मी वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. मला वेडाबाई म्हणालात म्हणून." पिशवी उचलून मावशी जिना उतरली.

घरी येऊन तिने भाचीला सांगितलं, पुसलेलं परत आण. भाची म्हणाली, पुसलेलं परत येत नाही. मग मावशीने एका बोटाने सगळं पुन्हा लिहिलं. मुलीचा प्रश्न जसाच्या तसा, आपलं उत्तर जसंच्या तसं, पुढे काय झालं ते, आणि मागून कोणता आकडा घुसवला तेही. ते तिने ब्लॉगच्या अगदी वर लावलं. भाची आठ दिवस बोलली नाही. वाचकांतल्या काहींनी शिव्या घातल्या. काहींनी लिहिलं, जाऊ द्या हो मावशी, चूक कोणाची होत नाही? मावशीने यातल्या कोणालाच उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिने नवीन काही केलंही नाही. कागदी पिशवी दारामागे तशीच होती आणि नवरा तिच्याभोवतून झाडू मारायचा.

दोन महिन्यांनी त्या लेखाखाली लांबवेणीचं नाव दिसलं. तिने लिहिलं होतं, "मावशी, तुम्ही लिहिलेलं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दाखवलं. आता मला कोणी खोटारडी म्हणत नाही. थँक्यू."

मावशी कॉम्प्युटरपुढे बसली, चष्मा पुसला, बोट अक्षरांवर ठेवलं. नवऱ्याने दोनदा येऊन बघितलं. ती तशीच बसलेली होती. आजवर तिने कोणाला उत्तरासाठी ताटकळत ठेवलं नव्हतं. त्या मुलीला मात्र तिचं उत्तर अजून गेलेलं नाही.