अहवालाची शेवटची ओळ

“गुरुजींनी इंग्रजी रिपोर्ट वाचला, मशीनची चूक धरली अन् मोठ्या डॉक्टरले नळीची तपासणी कराले लावली, म्हणून काकू आज चालून राह्यल्या.” गुरुजी म्हणजे मी. माझा पुतण्या हे धाडच्या बाजारापासून आमच्या देऊळघाटपर्यंत सांगत असतो. परवा माझ्यासमोरच सांगितले आणि चार माणसांनी माना डोलावल्या. हे कथन चुकीचे आहे. ते मी खोडून काढणार आहे.

प्रथम मशीनची चूक. पत्नी गच्चीवर कुरड्या वाळत घालताना डोके धरून खाली बसली. घण घातल्यासारखे दुखले, म्हणाली. मग उलट्या, मान ताठ. बुलढाण्याच्या सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसले: ‘सबअरॅक्नॉइड हॅमरेज’, म्हणजे मेंदूच्या आवरणांमधील जागेत रक्तस्राव. त्याच दिवशी आम्ही संभाजीनगरच्या रुग्णालयात पोहोचलो. डॉक्टर म्हणाले, असा स्राव बहुधा ‘अॅन्युरिझम’ फुटून होतो. अॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. तो पुन्हा फुटला तर जीव वाचणे कठीण. तो शोधायला हवा.

आधी ‘सीटी अँजिओग्राफी’ झाली. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडून सीटीच्या यंत्रात धमन्यांची चित्रे काढतात. काही मिनिटांचे काम. बहुतेक फुगे त्यात सापडतात, अगदी लहान किंवा हाडाच्या आड दडलेला निसटू शकतो. यंत्र खोटे बोलले नाही. अहवालातच लिहिले होते की फुगा आढळला नाही; तथापि लहान फुग्याची शक्यता नाकारता येत नाही, डीएसए ही नळीची तपासणी करावी.

मी रिपोर्ट वाचला, हे मात्र खरे. आणि तिथेच माझी मान खाली जाते. चौतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. गावात इंग्रजी कागद आला की माझ्याकडे आणतात, आणि मी वाचेन तेवढेच त्यात आहे, असे मानतात. रुग्णालयात नातलग भोवती जमले. मी चष्मा लावला, “फुगा आढळला नाही” असे मोठ्याने सांगितले आणि कागदाची घडी घातली. रक्त दिसले तरी हा उन्हाचा व उपासाचा त्रास आहे, असे मी पहिल्यापासून सर्वांना बजावत होतो. शेवटची ओळ मला खोटे पाडत होती. मी ती पाहिली होती.

तरुण डॉक्टरांनी मला ‘डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी’, म्हणजेच डीएसए, समजावली. मांडीच्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत नेऊन रंगद्रव्य सोडतात; आधीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा केले की हाडे पुसली जातात, धमन्या उरतात. एमआरआयने भागणार नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, “एवढा बारीक फुगा शोधायला डीएसएच खात्रीची. नळीचा धोका थोडा, थांबण्याचा जास्त.” मी त्यांना माझ्या नोकरीची वर्षे ऐकवली आणि नकार दिला. पत्नी शुद्धीवर होती. तिला विचारावे, हे मला सुचलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सून डबा घेऊन आली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने कागदाची घडी उलगडली, शेवटी बोट ठेवले.

“मामाजी, एवढी ओळ काऊन राह्यली?”

ते औपचारिक असते, मी म्हणालो. ती वाद न घालता आत गेली आणि ती ओळ सासूला मराठीत सांगितली. पत्नीने डॉक्टरांना बोलावून घेतले. मला एवढेच म्हणाली, “दुसऱ्याच्या पोरायचे धडे पुरे करून घेतले तुम्ही. माह्याच जिवाचा अर्धा ठेवला काय?”

त्याच दुपारी डीएसए झाली. ज्वारीच्या दाण्याहून लहान फुगा सापडला. नळीतूनच प्लॅटिनमची बारीक तार त्यात भरून तो बंद केला. आज पत्नी अंगणात फिरते, मला चहा नीट गाळायला शिकवते.

तुमच्या हाती असा अहवाल आला, तर ‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे समजू नका, आणि तो रुग्णाला पूर्ण वाचून दाखवा.

राहिले पुतण्याचे शेवटचे विधान, की तपासणी मी करायला लावली. रुग्णालयाची फाईल कपाटात आहे, कोणीही पाहावी. डीएसएच्या संमतिपत्रावर पत्नीची सही आहे, वाकडीतिकडी, सलाइन लावलेल्या हाताने केलेली. त्याच्या आदल्या दिवसाच्या कागदावर ‘तपासणीस नकार’ असे छापले आहे, आणि त्याखाली माझी सही आहे, सुवाच्य, इंग्रजीत.