न पाहिलेलं आखात

श्रीपाद सरांनी डोंबिवलीतल्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की वर्गाला घाम फुटायचा. फळ्यावर लाल खडूने लाव्हा ओतत सर म्हणायचे, "इथे उभं राहिलं ना, की बुटाचा तळवा तापतो." सरांचे बूट महाबळेश्वरच्या पुढे कधी गेले नव्हते. पण ते कुणी विचारलं नाही, आणि सरांनीही आपण होऊन सांगितलं नाही.

सगळ्या पृथ्वीवर त्यांचा जीव एका जागेवर जडला होता. आफ्रिकेच्या कोपऱ्यात जिबूती नावाचा चिमुकला देश आहे, तिथे घुब्बेत नावाचं आखात आहे. भोवती रखरखीत वाळवंट, काठावर काळाकुट्ट लाव्हा, मधोमध ज्वालामुखीची दोन बेटं आणि समुद्राकडे जायला एवढीशी फट. तिथे जमीन हळूहळू दुभंगतेय, पुढे कधीतरी तिथे समुद्र होणार. हे सांगताना सरांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा हळू व्हायचा. निवृत्तीनंतर तरी तिथे जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग पत्नीचं, सुमतीबाईंचं, मोतीबिंदूचं, आणि घुब्बेत नकाशातच राहिलं.

तिथे गेलं कोण? तर दुसऱ्या मजल्यावरचा विश्राम! एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस. त्याचा मुलगा प्रीतम सरांचा विद्यार्थी. तो जिबूतीच्या बंदरात क्रेन चालवतो. जानेवारीत त्याने आईवडिलांना महिनाभर बोलावून घेतलं. जायच्या आधी विश्राम सरांकडे येऊन बसला, तेव्हा सरांनी मोठ्या हौसेने नकाशा उघडून त्याला घुब्बेत दाखवलं. हा माणूस मुलाच्या घरात टीव्ही बघत बसणार, अशी त्यांची खात्री होती.

परत आला तो हातात दगड घेऊनच. काळा, भोकाभोकांचा, मुठीएवढा.

"सर, तुमच्या घुब्बेतला जाऊन आलो! प्रीतमने गाडी केलेली. काय ते ऊन सर, आणि काय ते पाणी! प्रीतमची आई तर बोलायचीच बंद झाली. आमची शालू!"

"अस्सं," सर म्हणाले. "ठेव तिथे."

सरांच्या घरी काचेचं एक कपाट होतं. बाहेरगावी गेलेले विद्यार्थी त्यांना दगड आणून देत, आणि सर प्रत्येकाला चिठ्ठी लावून तो मांडून ठेवत. हा दगड मात्र गॅलरीत रद्दीवर गेला. पेपर उडू नयेत म्हणून.

"एवढं कशाला पोटात दुखतंय?" सुमतीबाईंनी विचारलं.

"माझ्या? छे! त्याला बॅसॉल्ट म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?"

दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. रात्रंदिवस एकच विचार. ज्याने कधी पुस्तक उघडलं नाही त्याच्या चपलेला तो लाव्हा लागावा, आणि आपण इथे गुडघ्याला तेल चोळत बसावं? जिन्यात विश्रामचा आवाज आला तरी सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि विश्राम तर हल्ली जिन्यातच उभा असायचा, कुणाकुणाला फोटो दाखवत.

त्यात ज्येष्ठ नागरिक संघाची रीत अशी, की परदेशी जाऊन आलेल्याने गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास बोलायचं. मग गुलाबाचं फूल, चिवडा आणि चहा. विश्रामच्या नावाची चिठ्ठी फलकावर लागली, आणि दुसऱ्याच दिवशी तो कागद-पेन घेऊन सरांच्या दारात हजर.

"सर, मला चार लोकांत बोलता येत नाय. दोन पानं लिहून द्या ना. मी वाचतो नुसता."

सरांनी लिहून दिली. सुरेख अक्षरात, बारीकसारीक माहितीसकट. आणि मधेच एक वाक्य घातलं: 'घुब्बेतजवळचा हा सगळा लाव्हा आपल्या सह्याद्रीइतकाच जुना, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.'

हे धादांत खोटं होतं. तिथला काही लाव्हा एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली बाहेर पडलेला. सरांनी ते वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं. बेत साधा होता. विश्रामने वाचायचं, मग प्रश्नांच्या वेळी आपण उठायचं आणि सगळ्यांसमोर मायेनं चूक दुरुस्त करायची. म्हणजे कोण नुसतं जाऊन आलं आणि कोणाला कळतं, ते दिसेल. पानं लिहून घेतली हे विश्राम चारचौघांत कशाला सांगेल?

गुरुवारी हॉल भरला. सर पहिल्या रांगेत. विश्राम घसा खाकरत, बोट ठेवून वाचत होता. ते वाक्य आलं तसे सर खुर्चीत सावरून बसले. पण त्यांच्या आधी मागून आसावरीताई उठल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, हातात फोन.

"अहो, यात तर काही लाव्हा अठ्ठ्याहत्तर सालचा आहे असं दाखवतंय!"

विश्राम गडबडला. "हो, गाडीवाला पण तेच बोललेला. अठ्ठ्याहत्तर. मी त्याच साली कंपनीत लागलेलो, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं." त्याने कागदाकडे पाहिलं. "पण नाय ताई. हे सरांनी लिहून दिलंय. गाडीवाला चुकेल, तुमचा फोन चुकेल, मी पण बघून चुकेन. आमचे सर नाय चुकणार."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. ते उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"होतं हो सर, वय झालं आता," कुणीतरी समजुतीनं म्हणालं. चारदोन माना हलल्या. एवढ्यावर सुटता आलं असतं. पण समोर विश्राम अजून मान हलवून 'नाय, नाय' म्हणत होता, आणि ते सरांना बघवेना.

"वय नाही. मी मुद्दाम लिहिलं. याचं हसं व्हावं म्हणून. हा तिथे जाऊन आला आणि मी नाही गेलो, ते मला सहन झालं नाही."

विश्रामने हातातली पानं खाली ठेवली.

"नाय गेलात? म्हणजे तुम्ही घुब्बेत बघितलेलं नाय?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"अहो सर..." विश्राम म्हणाला. "प्रीतम तिकडून रोज बोलायचा, सरांना पण घेऊन या, तिकीट मी काढतो. मीच नको बोललो. त्याला सांगितलं, अरे, बुटाचा तळवा तापतो हे सांगणारा माणूस तिथे जाऊन आल्याशिवाय सांगेल का? सरांना परत कशाला त्रास द्यायचा."