तेल पाजलेली बॅग

करडीच्या तेलाचा वास आला की मलकापूरच्या बाजारातून जुन्यात आणलेली ती तपकिरी बॅग आठवते. मखमलीसारखी लव असलेलं चामडं पाण्यानंही डागाळतं, म्हणून कोरड्या टूथब्रशने आठवडाभर घासून मी तिची दबलेली लव उभी केली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी तीच न्यायची होती. आदल्या संध्याकाळी पाहते तर बॅग काळीकुट्ट, चिकट. सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “पार कोरडी पडली होती बाई. चपलेले लावतो तसं तेल चोपडलं. पाह्य, कशी मऊ झाली.” मी रडकुंडीला आले होते आणि त्या कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या. दात आवळून मी “छान झाली” म्हणाले. त्या दोन शब्दांपायी आजही माझ्या प्रत्येक नव्या बॅगेला सासूबाई आठवणीने तेल लावतात.