मैदान कुणाचं?

वसईतल्या कॉलेजात खो-खो शिकवणाऱ्या मनोरमा म्हात्रे पहिल्यांदा केबिनमध्ये शिरल्या, तेव्हा प्राचार्य सामंत घाबरून खुर्चीसकट भिंतीतून आरपार ग्रंथालयात पोचले, असं शिपाई शपथेवर सांगायचा. कॉलेजचं मैदान लग्नांना दिलं जायचं, म्हणून बाई मुलींचा सराव भुईगावच्या किनाऱ्यावर वाळूत घ्यायच्या.

अठ्ठ्याण्णवच्या स्नेहसंमेलनात सामंत वर्षभराचं यश वाचू लागले. "आपल्या मैदानाने विद्यापीठाची स्पर्धा जिंकणाऱ्या मुली घडवल्या!"

मनोरमाबाई उसळल्या. "कुठल्या मैदानाने, सर? काल जिथे लग्नाच्या जिलब्या तळत होते, त्या?"

"मॅडम, पाहुणे बसलेत."

"बसू देत! मुलींनी ढाल आणली, आता त्यांचं मैदान द्या. नाहीतर अहवालात आचाऱ्याचंही कौतुक करा!"

मुलींनी मांडव डोक्यावर घेतला. सामंतांनी मान डोलावली.

जूनपासून मैदानावरची लग्नं बंद झाली आणि तिथे वाणिज्य शाखेच्या इमारतीचा पाया खणला गेला.