सापडली त्याला, उत्तर तिला

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारागिराला गाण्याचं वेड लागलं ते पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेमुळे. एका भागाच्या शेवटी इन्स्पेक्टर गाडीत एकटाच बसून राहतो आणि मागे एक बाई जाड, घोगऱ्या आवाजात गाते. भाषा परकी, पण याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ताट तसंच ठेवून त्याने मोबाइल उघडला. मालिकेचं नाव टाकलं, मग लोकांच्या कमेंट वाचत सुटला. बरेच दिवस धुंडाळल्यावर ती सापडली: पांढरे केस, मांडीवर अकॉर्डियन, ऐकणारे मोजकेच.

"ही माझी हं," त्याने बायकोला ऐकवलं. "आपल्यात कुणाला पत्ताही नाही."

तिथेच तो फसला. तो दिवसभर मेणात दात बसवताना तीच चार गाणी ऐकायचा. बायको मात्र भाजी चिरता चिरता इथून तिथे शोधत गेली. बघता बघता गायिकेच्या जुन्या रेकॉर्ड, बहीण, मोडलेलं लग्न, सगळं तिला तोंडपाठ. पाहुण्यांना तीच रंगवून सांगायची. हा नुसता चहा ढवळत बसायचा.

एका संध्याकाळी ती धावत आली. "अहो, उत्तर आलं! मी त्यांना लिहिलं होतं."

"माझ्याबद्दल लिहिलंस?"

"तुमच्याबद्दल काय लिहायचं?"

"शोधलं कुणी तिला?"

"शोधायला त्या काय हरवल्या होत्या?"

त्याचा नुसता जळफळाट झाला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानेही गायिकेला लांबलचक मजकूर पाठवला. बायकोचं नाव मुद्दाम गाळलं. मग काम सोडून सारखा मोबाइल बघत बसला. एका कवळीचा पुढचा दात वाकडा बसला, ती पुन्हा करावी लागली. उत्तर काही आलं नाही. बायकोला मात्र गायिकेच्या मांजराचा फोटो आला.

"आवाज बसलाय हल्ली तिचा," तो जेवताना म्हणाला.

"तुम्ही नवं गाणं ऐकलंत कुठे?" म्हणत तिने ते लावलं.

तो तडक उठून बाहेरच्या खोलीत गेला. पण घोगरा आवाज भिंतीतून झिरपू लागला, तसे त्याचे पाय आपसूक दाराशी आले. बायको डोळे मिटून ऐकत होती, आणि त्याला तेही बघवेना.

"जरा मोठं कर," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.