डाव्या गालाची तीट

माझ्या जुळ्या मुली सातव्या महिन्यात जन्मल्या. मी तेव्हा पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत होते आणि सगळं जग म्हणजे माझाच पहिलीचा वर्ग आहे अशा थाटात वागत होते. हाताची घडी, तोंडावर बोट. घरात माझंच खरं आणि माझ्याच शिस्तीनं सगळं व्हायचं. नवऱ्याला त्याची सवय झाली होती. तो बिचारा जासईच्या कंटेनर गोदामात दिवसभर पावत्या लिहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मी सांगेन ते करायचा.

मुली सव्वा महिना मुंबईच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होत्या. घरी आणल्या तेव्हा थोरली एकोणीसशे ग्रॅमची होती, धाकटी सतराशेची. एका ओंजळीत मावतील एवढ्याशा. रडायच्या त्याही मांजराच्या पिल्लासारख्या, म्याव म्याव. मला तर त्यांना उचलायचीच भीती वाटायची. वर्गात साठ पोरं गप्प करणारी मी, या दोन मुठींना उचलायला आधी कुणाला तरी हाक मारायची.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. सासूबाई आल्या. करंज्याच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या बाई, सगळा धंदा जावेवर सोपवून आल्या. येताना एक कोरी करकरीत बांबूची पाटी घेऊन आल्या, मासळी विकायला डोक्यावर घेतात तसली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पोरींना झोपवायला. पालना लय मोठा हाय त्यांना, हरवतील त्यात."

माझ्या कपाळावर आठी पडली. माझ्या मुली मासळीच्या पाटीत? पण त्यांनी पाटीत कापूस पसरला, वर आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घातलं आणि दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. पाच मिनिटांत दोघी एकमेकींना चिकटून गाढ झोपल्या. मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार जड जायचं, हेही सांगून ठेवते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आंघोळ नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवून पुसायचं. कापसात आणि दुपट्यात गुंडाळून ठेवायचं, अंगाची ऊब जाऊ द्यायची नाही. थोरली छान ओढून प्यायची. धाकटी दोन घोट घेतले की दमून झोपून जायची. म्हणून दिवसातून सहा वेळा, दोघींना अंगावर पाजून झालं की माझं दूध वाटीत काढायचं आणि ते फक्त धाकटीला बोंडल्यानं पाजायचं, थेंब थेंब, घाई न करता. हे काम सासूबाईंचं. मी पाजून इतकी गळून जायची की वाटी त्यांच्या हातात देताच डोळे मिटायचे. त्या पाटी उचलून खिडकीशी उजेडात जाऊन बसायच्या.

आता एक कबूल करते, जे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. मला माझ्या मुली ओळखता येत नव्हत्या. कापसात गुंडाळलेल्या, डोक्याला टोपरं, दिसायचा तो एवढासा चेहरा, आणि दोन्ही चेहरे भिजवून सोललेल्या बदामासारखे अगदी एक. बाहेरच्यांचं सोडा हो, पण आईला ओळखू येऊ नयेत? लाज वाटायची मला. म्हणून मी शिस्त काढली. रोज सकाळी पुसून झालं की काजळाची तीट लावायची, थोरलीला उजव्या गालावर आणि धाकटीला डाव्या. सासूबाईंना पहिल्याच दिवशी नीट समजावलं आणि वर विचारलंसुद्धा, "कळलं ना? परत सांगा बघू."

"थोरली उजवा, धाकटी डावा," त्या पहिलीतल्या मुलीसारख्या म्हणाल्या आणि हसल्या.

सासूबाईंची एक सवय होती. दूध पाजून झालं की त्या बाळाला तळव्यावर घेऊन हलकेच वरखाली करायच्या. आयुष्यभर त्यांनी मासळी वाट्यानं विकली, काटा कधी वापरला नाही, पण हातात घेतलं की वजन अचूक सांगायच्या. "भरतेय गो धाकटी, भरतेय," रोज सांगायच्या. मी ते ऐकून झोपायची. खरं सांगते, त्या आठवड्यात मला जी काही झोप लागली ती त्या दोन शब्दांवर.

घरी आणल्याला आठ दिवस झाले त्या सोमवारी आम्ही नवरा-बायको मुलींना घेऊन पनवेलच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. काट्यावर थोरली एकवीसशे पन्नास झाली होती. धाकटी सतराशे वीस. आठवड्याला वीस ग्रॅम! डॉक्टरांनी पुन्हा ठेवून पाहिलं, काटा तेवढंच दाखवत होता.

"वरचं दूध जातंय ना?" त्यांनी विचारलं.

"सहाच्या सहा वेळा," मी म्हणाले.

"मग पुढच्या सोमवारी बघू. शंभर ग्रॅम तरी वाढायला हवी. नाही वाढली तर मुंबईला परत भरती करा. नळीनं दूध द्यावं लागेल."

परत ती काचेची पेटी. आत हात घालायचं ते भोक, ती एवढ्याशा नाकात जाणारी नळी. आणि थोरलीला इथं ठेवून मी तिथं जायचं, की धाकटीला तिथं एकटीला सोडायचं? रिक्षात मी दोघींना उराशी घट्ट धरून बसले. नवरा माझ्याकडे बघत होता, त्याला ठाऊक होतं की आता काही खरं नाही.

घरात मुशी माशाच्या कालवणाचा वास सुटला होता. दूध वाढावं म्हणून सासूबाई माझ्यासाठी दर दोन दिवसांनी ते करायच्या. हात पुसत त्या दाराशी आल्या. "किती भरली गो धाकटी?"

माझं तोंड सुटलं. "वीस ग्रॅम! भरतेय, भरतेय म्हणत होतात ना रोज? काय भरतेय? दूध पाजता की खिडकीत बसून डुलक्या काढता? मासे विकायचा हात आहे तो. मासेच तोला त्या हातानं, माझ्या मुली तोलू नका!"

नवरा म्हणाला, "अगं ए, काय बोलतेस?" पण बोलून झालं होतं. सासूबाईंनी तो उजवा हात पदरात घेतला, जसा काही भाजला होता. आजही तो पदर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नवऱ्यानं मुलींना पाटीत ठेवलं, तशा त्या पाटीशी बसल्या. एक बाळ उचलून तळव्यावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजा हात चुकत नाय. ही भरलेय. पावशेर भरलेय आठ दिसांत."

"अहो आई, ती थोरली आहे!"

"थोरली कशी? डाव्या गालाला तीट हाय."

"उजव्या आहे! दिसत नाही का?"

"ह्यो डावा," त्यांनी आपला डावा हात उचलला आणि समोरच्या बाळाच्या गालाला लावला. बाळाचं तोंड त्यांच्याकडे होतं. त्यांच्या डाव्या हाताला आलेला बाळाचा उजवा गाल त्यांच्या लेखी डावाच होता.

माझ्या डोळ्यांपुढे माझा वर्ग उभा राहिला. पहिलीच्या मुलांसमोर उभं राहून कवायत घेताना बाई "उजवा हात वर" म्हणतात आणि स्वतःचा डावा हात वर करतात. पोरं समोरून बघतात ना, त्यांना तो उजव्या बाजूला दिसतो. नऊ वर्षं मी रोज हेच करत होते. समोरच्याचा उजवा तो उजवा, हे माझ्या हाडीमांसी इतकं भिनलं होतं की दुसऱ्या कुणाला तो वेगळा दिसेल हे डोक्यातच आलं नाही. करंज्याच्या बाजारात बसणारी बाई आपल्या हातानं डावं-उजवं ठरवते, आणि तेच खरं तर सगळं जग करतं. आठ दिवस माझं काढलेलं दूध थोरली पीत होती. धाकटी शेजारी झोपून होती. भुकेली. रडायचंसुद्धा त्राण नसलेली.

मी धाकटीला उराशी धरलं आणि हमसून हमसून रडले. सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता पिशवी भरतील आणि करंज्याची एसटी धरतील. पण त्यांनी आपल्या बटव्यातून जाळं विणायचा हिरवा दोरा काढला, धाकटीच्या टोपऱ्याला कपाळावर मधोमध त्याचा ठसठशीत टाका घातला आणि म्हणाल्या, "आता ना डावा, ना उजवा. वाटी दे."

त्या आठवड्यात दुधाचा एक थेंब सांडला नाही. मी झोपायची नाही, खिडकीशी त्यांच्या शेजारी बसून बोंडल्याकडे बघत राहायची. धाकटीचा गळा हलला की माझा हलायचा. पण पाजून झालं की सासूबाई बाळाला सरळ पाटीत ठेवायच्या. तळव्यावर घेणं त्यांनी सोडलं होतं. मला विचारावंसं वाटायचं, जिभेवर यायचं, पण कुठल्या तोंडानं विचारणार? माफी मागावी, तर तेही जमेना. मी बाई ना! बाईंना चूक झाली म्हणायची सवय नसते.

सोमवारी धाकटीला घेऊन मी आणि सासूबाई दोघीच गेलो. दवाखान्याच्या पायरीवर माझा धीर सुटला. मी धाकटीला त्यांच्यापुढे धरलं. "आई, तुम्ही सांगा ना किती ते."

"काटा सांगंल," त्या म्हणाल्या आणि हात पदरातच ठेवला.

काट्यानं अठराशे नव्वद सांगितलं. एकशे सत्तर ग्रॅम! डॉक्टर म्हणाले, "मुंबईला जायची गरज नाही." मी तिथंच रडायला लागले. सासूबाईंनी धाकटीला दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या कानाशी पुटपुटल्या, "चल गो बाय माजी, घरी." माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, हसायच्या, कालवण करायच्या. दोन महिन्यांनी करंज्याला परतल्या तेव्हा मी वाकून नमस्कार केला, त्यांनी तोंडभर आशीर्वादही दिला. पण मुलींना तळव्यावर घेऊन वजन सांगणं त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. सणाला आम्ही जायचो, शेजारणी म्हणायच्या, "अगो, सांग ना किती भरल्या नाती?" तर त्या विषय बदलायच्या. आम्हा नवरा-बायकोशिवाय कुणाला त्याचं कारण ठाऊक नव्हतं.

मुली चौथीत होत्या तेव्हा सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. आम्ही त्यांना पनवेलला घेऊन आलो. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडाच्या डाव्या बाजूनं भरवा, उजवीकडून ठसका लागेल. मी स्वयंपाकघरात होते आणि धाकटी पेजेची वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. चमचा तोंडाशी नेता नेता तिनं तो थांबवला आणि मला हाक मारली.

"आई, डावी म्हणजे आजीची डावी की माझी डावी?"

त्या तिटेचं तिला आम्ही काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आले. सासूबाईंचा अर्धा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खाली बसले आणि नऊ वर्षं घशात अडकलेलं एकदाचं बोलून टाकलं. "आई, माझंच चुकलं होतं. तुमचा हात चुकला नव्हता."

त्यांनी चांगला होता तो डावा हात धाकटीच्या कोपराखाली सरकवला, तिचा हात हलकेच वरखाली केला आणि अडखळत म्हणाल्या, "भरली... भरली गो."